घराण्याची शुगर, घराण्याचा गळा: अनुवंश आणि परिस्थितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाचनालयं, महिला मंडळं, देवळांची सभागृहं इथून बोलावणी येऊ लागली. विषय कोणताही असो, चहाच्या वेळी माणसं शुगर, उंची, चष्मा आणि मुलांच्या लग्नांवरच येतात. प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नव्हे. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आमच्याकडे तीन पिढ्यांची शुगर आहे. म्हणजे ती रक्तातूनच आली, नाही का?

घरातून आली एवढं नक्की. पण घर आपल्याला जनुकंही देतं आणि ताटही देतं, आणि दोन्ही एकाच उंबऱ्यावरून आत येतात. नुसतं घराण्याकडे बघून कोणाचं काय ते कळत नाही. तीन पिढ्या मराठी बोलणारी घरं गोव्यात कितीतरी आहेत, म्हणून मराठी रक्तात असते असं आपण म्हणत नाही.

माझंच घर घ्या. आजी पहाटे कुळागरात जायची, पोफळींना पाणी लावायची, गळून पडलेल्या झावळ्या ओढत आणायची. दहाला पेज, दुपारी कढी-भात, म्हार्दोळच्या जत्रेला जाणं-येणं पायी. आईच्या काळात विहिरीवर पंप बसला, स्वयंपाकघरात मिक्सर आला. आणि मी? भात त्याच उकड्या तांदळाचा, वर सकाळी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, दोन पाव, शाळेला जायला स्कूटर आणि स्टाफरूममध्ये दिवसाचे चार गोड चहा. आजीची शुगर कोणी कधी तपासली नाही, त्यामुळे तिला नव्हतीच असं छातीठोकपणे सांगत नाही. आईला साठीनंतर निघाली, मला ५२व्या वर्षी, पुतण्याला ३४व्या. एवढ्या काळात घराण्याची जनुकं बदलत नसतात. वय खाली आलं ते चहाने आणि स्कूटरने. पण त्याच स्टाफरूममध्ये तेवढेच चहा पिणारे माझे एक सहकारी सत्तरीतही दोन चमचे साखर घालतात आणि रिपोर्ट स्वच्छ. तिथे जनुकांची गोष्ट सुरू होते.

२०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४, म्हणजे राज्यांमध्ये सर्वांत जास्त. तेव्हापासून दर व्याख्यानाला कोणीतरी म्हणतंच, ‘गोवेकरांचं रक्तच तसलं.’ जनुकं काही पत्रादेवीच्या चेकनाक्यावर थांबत नाहीत हो! आमच्या अर्ध्या सोयरिकी पलीकडे सिंधुदुर्गात आहेत. गोवा इतर राज्यांहून वेगळा आहे तो हातात खुळखुळणाऱ्या पैशाने, शहरी राहणीने आणि वयस्क माणसांच्या संख्येने.

लठ्ठपणाशी जोडलेलं एफटीओ नावाचं एक जनुक आहे. अमेरिकेत फ्रामिंगहॅम गावच्या कुटुंबांचा दोन-तीन पिढ्या पाठपुरावा झाला आहे. त्या नोंदींत १९४२ नंतर जन्मलेल्यांमध्ये या जनुकाचा एक प्रकार आणि वजन यांचा संबंध ठळक दिसतो. त्याआधी जन्मलेल्यांमध्ये तो दिसतच नाही. जनुक दोघांकडे होतंच. मोटारी आणि भरलेली फ्रिजं नंतर आली.

मग ‘डायबेटिसचं जनुक’ असं काही असतं का?

एकच असं नाही. वर्तमानपत्रात अधूनमधून ‘अमुक रोगाचं जनुक सापडलं’ असा मथळा येतो आणि माझ्या कपाळावर आठी.

शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकवतो तिथेच ही गफलत रुजते. दाणा गोल नाहीतर सुरकुतलेला, रोप उंच नाहीतर बुटकं, मधलं काही नाही. माणसाची उंची, रक्तदाब, साखर अशी चालत नाही. पीटीच्या तासाला मुलं उंचीने उभी करून बघा. अगदी ठेंगणी दोन-चार, अगदी उंच दोन-चार, आणि मध्ये ही दाटी. एका जनुकाचा खेळ असता तर वेगवेगळे दोन घोळके पडले असते. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी गणिताने दाखवून दिलं की नियम मेंडेलचेच, फक्त जनुकं पुष्कळ. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, वर परिस्थितीची भर. एवढ्यावर अशी सलग रांग आपोआप तयार होते.

किती पुष्कळ? उंचीसाठी २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांची माहिती एकत्र करून जनुकसंचातल्या १२,१११ जागा नोंदल्या गेल्या. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या, म्हणजे मोठ्या वयात होणाऱ्या आपल्या नेहमीच्या शुगरच्या, शेकडो जागा माहीत आहेत. त्यातली सर्वांत जोरकस समजली जाते ती टीसीएफ७एल२ या जनुकातली, २००६ मध्ये सापडलेली. तिथल्या धोक्याच्या प्रकाराची एक प्रत अंगात असली तर धोका साधारण १.४ पट. जोरकस म्हणायची ती एवढीच! ही प्रत असून शुगर नसलेली माणसं भरपूर, आणि नसून झालेलीही भरपूर.

नेमकं सांगा ना सर, अनुवंश किती टक्के आणि परिस्थिती किती टक्के?

हा प्रश्न चुकला असं एकही व्याख्यान नाही. याचं उत्तर मी खाजनात नेऊन देतो.

मांडवी-झुआरीच्या काठांवर बांध घालून खाडीपासून राखलेली आपली खाजन शेतं तुम्हाला माहीत आहेत. मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि खारं पाणी बाहेर राहतं. तरी माती थोडी खारट असतेच. तिथलं जुनं भात म्हणजे कोरगुट. उंच वाढतं, पीक बेताचं देतं, पण खार सोसतं. आणि हल्लीची ज्योती गोड्या पाण्याच्या शेतात कोरगुटला सहज मागे टाकते.

समजा तुम्ही एकाच गोड्या पाण्याच्या, सारख्या मातीच्या शेतात दोन्ही बियाणी मिसळून पेरलीत. रोपारोपांत जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा बियाण्याचा. टक्केवारी काढली तर अनुवंश शंभराच्या जवळ. आता दुसऱ्या वर्षी फक्त ज्योती पेरा, पण अर्धी गोड्या शेतात आणि अर्धी बांध फुटून खारं पाणी शिरलेल्या शेतात. इथली रोपं हिरवीगार, तिथली शेंड्याकडून जळालेली. फरक सगळा पाण्याचा, अनुवंश शून्य. ज्योती तीच, तिची जनुकं तीच, आणि आकडा शंभरावरून शून्यावर! म्हणजे ती टक्केवारी बियाण्याच्या आत लिहिलेली नव्हती. तुम्ही काय काय पेरलंत आणि कुठे कुठे पेरलंत, त्यावर ती ठरली.

शास्त्रज्ञ ज्याला हेरिटेबिलिटी म्हणतात ती हीच. एका ठरावीक ठिकाणच्या, ठरावीक काळातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकामुळे, याचं ते माप आहे. एकट्या माणसाला ते लावताच येत नाही.

तिसरं वर्ष जास्त मजेचं. दोन्ही बियाणी दोन्ही शेतांत पेरा. गोड्या पाण्यात ज्योती वरचढ, खाऱ्यात कोरगुट. आता सांगा, चांगलं बियाणं कोणतं? आणि खाऱ्या शेतातल्या ज्योतीचं जे नुकसान झालं ते किती टक्के मिठाचं, किती टक्के ज्योतीचं? मीठ नसतं तर झालं नसतं, ज्योतीच्या जागी कोरगुट असतं तरी एवढं झालं नसतं. नुकसान दोघांनी मिळून केलं, त्याची वाटणी होत नाही. मोठ्या माणसांच्या बहुतेक आजारांचं असंच आहे.

एका वाचनालयात हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचे एक शेतकरी म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण बांध कोण दुरुस्त करणार ते बोला.’ सरकारी पाण्याचा विषय निघाला आणि व्याख्यान तिथेच संपलं.

उंची ८० टक्के आनुवंशिक असते असं वाचलं. म्हणजे मुलाच्या उंचीतले ८० टक्के आमचे?

नाही. वरचंच उत्तर. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ८० टक्के जनुकांमुळे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. सगळ्यांना पुरेसं खायला मिळालं की ताटातला फरक मिटतो आणि उरतो तो जनुकांचाच. ही टक्केवारी वाढली तर उलट आनंद मानावा अशी आहे. आणि ८० म्हणजे बदल अशक्य, हेही खोटं. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या सरासरी २० सेंटिमीटरने उंच झाल्या. शंभर वर्षांत कोरियनांची जनुकं बदलली नाहीत.

आम्ही जुळ्या बहिणी, अगदी हुबेहूब. तिला शुगर आहे, मला नाही. मग जनुकं कुठे गेली?

कुठेही गेली नाहीत. तुमच्या बहिणीला शुगर आहे म्हणजे तुमचा धोका शेजारणीपेक्षा बराच जास्त आहे, तेव्हा दरवर्षी तपासत जा. पण एकबीज जुळ्यांतही एकीला झाली म्हणजे दुसरीला होईलच असं नाही. एकीचं लग्न मुंबईत, दुसरीचं गोव्यातच साखळी गावात. एकीला तीन बाळंतपणं, एकीला एक. एकीची रात्रपाळी. शिवाय निव्वळ योगायोगाचाही भाग असतो, त्याला आपण विसरतो. जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा एकसारखे नसतात, ते तर एकाच पोटात घडलेले.

माझ्या परसात याचं उदाहरण उभं आहे. मानकुरादची दोन कलमं, एकाच रोपवाटिकेतून, एकाच मातृवृक्षाची, एकाच दिवशी आणलेली. कलम म्हणजे झाडांतली जुळीच. एक लावलं न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, दुसरं मागे जांभ्या दगडाच्या भरडावर. आज पंधरा वर्षांनी न्हाणीकडचं झाड दुमजली घराएवढं, पानांनी गच्च, आणि आंबे मोजून वीस-पंचवीस. मागचं माझ्या डोक्याच्या थोडंसं वर, पण मोहोर येतो तेव्हा पान दिसत नाही. आंब्याला मोहोरायला थोडी थंडी आणि थोडी तहान लागते. बारमाही पाणी मिळालेलं झाड पानंच काढत बसतं. बायको म्हणते, ‘लाड केलेलं ते, आणि राबवलेलं हे.’ फळाची चव मात्र दोन्हीकडे अस्सल मानकुराद, तिथे जागा फारशी ढवळाढवळ करत नाही. म्हणजे एकाच झाडात काही गुण जागेला चटकन वाकतात आणि काही हटून बसतात.

बागायतदार वाचकांनी अडवण्याआधीच कबूल करतो: कलमाचा खुंट वेगवेगळ्या कोयींचा असतो, म्हणजे मुळांची जनुकं वेगळी. तेव्हा ही जुळी गुडघ्यापासून वरच.

माझे यजमान काठीसारखे बारीक. त्यांना शुगर कशी?

हा प्रश्न जगाने ज्यांच्यामुळे गंभीरपणे घेतला त्यांत आपल्या पुण्याचं नाव वर आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं स्नायूंत, पोटातल्या अवयवांत, सगळ्यांत लहान. चरबीत मात्र तेवढी लहान नाहीत. वरून बारीक, आतून चरबी.

२००४ मध्ये याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांनाही ‘ठीक’ म्हणत होता. तुमच्या यजमानांनाही तोच काटा फसवतो आहे. कमरेला टेप लावा, त्याला जास्त कळतं.

हे अनुवंशाने की परिस्थितीने? काही जनुकांचं असेल. पण आई स्वतः लहानपणी कशी वाढली, गरोदरपणात तिला काय मिळालं, याचाही हात मोठा आहे. पुण्याच्याच अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध जास्त दिसला. पोटात असताना हात आखडून वाढलेलं शरीर पुढे भरल्या ताटाला सामोरं जातं आणि तिथे त्याची गणितं चुकतात. गर्भाशय ही पहिली परिस्थिती. फक्त ती आईच्या शरीरात असल्यामुळे आपण तिला अनुवंशाच्या खात्यात घालून मोकळे होतो, आणि वर आईलाच बोल लावतो. तो प्रकार कृपा करून नको.

आजीच्या उपासमारीचा परिणाम नातवंडांवर होतो म्हणे?

पोटातल्या बाळावर होतो, याला भक्कम पुरावा आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. त्या दुष्काळात आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी केली तेव्हा त्यांच्या शरीराला साखर आवरणं जड जात होतं. गर्भ राहण्याच्या वेळीच ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्यांच्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. अक्षरं तीच, वर पेन्सिलीने केलेल्या खुणा वेगळ्या, असं समजा.

पण माणसांत तीन-तीन पिढ्या पुढे या खुणा सरकतात, पूर्वजांची दुःखं आपल्या पेशींत साठलेली असतात, वगैरे जे मोबाइलवर फिरतं ते पुराव्याच्या फार पुढे धावलेलं आहे. पुढे पाठवू नका.

ज्या आजारात एकच जनुक दोषी, तिथे तरी परिस्थितीचा संबंध नाही ना?

असतो. डांबराच्या गोळ्या. पावसाळ्यात ट्रंकेत कपडे कुबट होऊ नयेत म्हणून गोव्यात घरोघरी टाकतात त्या. काही मुलग्यांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. दोष एकाच जनुकातला, आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरचा. मूल एरवी ठणठणीत, कोणाला पत्ताही नसतो. मग बारशाला ट्रंकेतून काढलेली जुनी दुपटी येतात, नॅफ्थलीनच्या वासाने भरलेली, आणि दोन-चार दिवसांत बाळ पिवळं पडतं, कारण तांबड्या पेशी फुटू लागतात. मलेरियावर देतात त्या प्रायमाक्वीन गोळीनेही असंच होऊ शकतं, म्हणून ती देण्याआधी ही तपासणी करतात.

गोळ्या नसत्या तर दोषी जनुक गप्प राहिलं असतं, आणि जनुक नीट असतं तर एवढ्याशा वासाने बहुधा काही झालं नसतं. बाळंतविड्यात दुपटी असतील तर आधी धुऊन कडक उन्हात वाळवा, एवढं घरच्या बायकांना सांगून ठेवा.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलं आजारी निपजतात का?

आपल्याकडे ही रीत जुनी आहे, त्यामुळे हा प्रश्न हळू आवाजात येतो. मामे-आते भावंडांत सरासरी आठवा भाग जनुकं समान. एखादं लपलेलं सदोष जनुक दोघांकडेही असण्याची, आणि मुलात त्याच्या दोन्ही प्रती एकत्र येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. कोणत्याही जोडप्याला जन्मजात गंभीर दोषाचा जो दोन-तीन टक्के धोका असतो, त्यात साधारण आणखी तेवढीच भर. शंभरातली नव्वदहून अधिक मुलं नीटच. घरात थॅलसेमिया, जन्मतः बहिरेपण असं काही असेल तर मात्र लग्नाआधी समुपदेशन घ्याच. शुगर-रक्तदाबासारख्या बहुजनुकी गोष्टींत नात्यातल्या लग्नाने एवढा मोठा फरक पडत नाही, तिथे दोन्ही घरांत शुगर आहे का हे जास्त महत्त्वाचं.

गाणं तरी रक्तात असतं ना? गोव्यात तर घराणीच्या घराणी गातात.

मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांची कन्या किशोरी आमोणकर. हे नाव घेतल्यावर सभागृहात माना डोलतात आणि मला वाटतं, हरलो. तरी सांगतो.

सुरांची जाण, तालाची जाण यांत जनुकांचा वाटा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो दिसतो. पण मोगूबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि किशोरीताईंच्या कानावर पाळण्यापासून ते गाणं पडत होतं. ज्या मुलाला सूर सापडतो त्याच्यापुढे कोणीतरी तंबोरा ठेवतं, ज्याला सापडत नाही त्याला ‘अभ्यासाला बस’ म्हणतात. म्हणजे जनुकं स्वतःला हवी तशी परिस्थिती गोळा करतात, ती परिस्थिती मग त्यांना आणखी वाढवते. वीस वर्षांनी दोन्ही वेगळं काढायला बसलात तर धागाच सापडत नाही. आणि शेजारच्या घरात तसलाच गळा घेऊन जन्मलेली एखादी पोर असेल, जिच्यापुढे तंबोरा कोणी ठेवलाच नाही. तिची नोंद कुठल्या घराण्यात व्हायची?

कुर्डी गाव स्वतः आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती आणि देऊळ वर येतं. गेलात तर बघा.

नातवाला दुसरीतच चष्मा लागला. आम्हा दोघांनाही आहे. टाळता आला असता?

कदाचित उशिरा लागला असता. आईबापांना चष्मा असेल तर मुलाला लागण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण उजेडाचा संबंध आता चांगला सिद्ध झाला आहे. चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत त्या शाळांत नव्याने चष्म्याचा नंबर आलेली मुलं ३०.४ टक्के, इतर शाळांत ३९.५. मुलाला अंगणात हाकला. ट्यूशन थोडी उशिरा सुरू झाली तरी चालेल.

थुंकीचा नमुना पाठवून जनुकांचा रिपोर्ट मिळतो. करावा का?

एका ओळखीच्या गृहस्थांनी हजारो रुपये भरून केला. सुंदर रंगीत पुस्तिका आली. मधुमेहाचा धोका ‘सरासरीपेक्षा कमी’. तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर १६० होती. पुस्तिका अजून दिवाणखान्यात आहे.

कारण असं की हे अंदाज ज्या अभ्यासांवर बांधतात, त्यांतले जवळपास ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असं २०१९ मध्ये मोजलं गेलं. तिथली आकडेमोड आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांचा संपूर्ण जनुकसंच वाचून जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला केला, त्यातून पुढे सुधारणा होईल. तोवर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), कमरेचा टेप आणि आईबापांची माहिती याच गोष्टी शुगरबद्दल जास्त सांगतात, आणि स्वस्तात. एका जनुकाच्या आजारांच्या तपासण्या वेगळ्या. डॉक्टरांनी त्या सांगितल्या तर जरूर करा.

जनुकातच असेल तर पथ्य पाळून काय उपयोग?

ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनाच पथ्याचा उपयोग जास्त.

अमेरिकेत साखर सीमेवर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात वजन थोडं उतरवणं आणि आठवड्याला अडीच तास चालणं, एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. हे २००२चं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच प्रयोग केला, त्यात तीन वर्षांत २८.५ टक्के घट आली. आपल्याकडे फायदा कमी दिसला हे लपवत नाही, पण तो खरा आहे.

पुढे २००६ मध्ये त्याच अमेरिकन लोकांची टीसीएफ७एल२ जनुकं तपासली. ज्यांच्याकडे धोक्याच्या दोन्ही प्रती होत्या ते नुसत्या खोट्या गोळीवर असताना भराभर मधुमेहाकडे गेले. चालणाऱ्या गटात मात्र धोक्याचं जनुक असलेले आणि नसलेले यांच्यात फारसा फरक उरला नाही.

पिमा नावाचा आदिवासी समाज अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतो, जनुकं जवळची. २००६च्या अहवालात अमेरिकेतल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के, डोंगरात शेतात राबणाऱ्या मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ६.९. हे सांगितलं की लोक म्हणतात, मग आम्ही काय डोंगरात जाऊन राहू? नको. बाजारात जाताना स्कूटर घरी ठेवा, पुष्कळ झालं.

आमच्याकडे कोणालाच नाही, म्हणजे मी सुटलो?

कोणालाच नाही, की कोणीच तपासलं नाही? गोव्यातल्या जुन्या पिढीबद्दल हे विचारावंच लागतं.

मग मुलांसाठी आज काय करून ठेवू?

येत्या चतुर्थीला सगळे मूळ घरी जमतील तेव्हा एक मोठा कागद घ्या. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, सगळ्यांची नावं झाडासारखी मांडा. प्रत्येकापुढे आजार कोणता, कितव्या वर्षी निघाला, तेव्हा वजन साधारण किती, काम काय करत, राहत कुठे. शेवटच्या तीन गोष्टी कोणी लिहीत नाही आणि खरी माहिती तिथेच असते. ‘काका, हार्ट अटॅक’ एवढ्याने काही कळत नाही. ‘काका, ४८व्या वर्षी, बोटीवर नोकरी, दिवसाला दोन पाकिटं सिगरेट’ म्हटलं की तुमचा डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आमचा कागद गेल्या वर्षी नेवऱ्या तळताना पूर्ण झाला, तेलाच्या डागांसकट. फक्त धाकट्या आत्याच्या नावापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. ती म्हणते, ‘मला काही नाही,’ आणि रक्त द्यायला काही येत नाही.